जुनी जर्मन एअर रायफल: आधी कुठला स्क्रू फिरवायचा?

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ पटकावलं आणि आमच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात माळे धुंडाळायला सुरुवात झाली. आजोबांच्या ट्रंकेतल्या, कपाटामागे उभ्या करून ठेवलेल्या एअर रायफली बाहेर निघाल्या. बहुतेक साध्या देशी एअरगनच. पण मधूनच एखादी वेगळी निघते. वजन पाच किलोच्या आसपास, जाडजूड लाकडी दस्ता, उजव्या अंगाला लांब लोखंडी दांडा, मागे डोळा लावायला बारीक भोकाची चकती. अंगावर फाइनवर्कबाऊ, वाल्थर, अन्शुत्झ किंवा डायना असं जर्मन कंपनीचं नाव कोरलेलं. मालकाचे प्रश्न ठरलेले: ही चालते का, आणि चालत असेल तर नेम का लागत नाही?

एक घोळ आधीच मिटवू. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा. त्यात बारुदाची पॉइंट टू टू रायफल लागते आणि तिला परवाना लागतो. आपण बोलतोय ती १० मीटर एअर रायफल, म्हणजे २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्ण आणि २०१२ मध्ये लंडनला गगन नारंगनं ब्राँझ जिंकलं तो प्रकार. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला १९८४ साली. माळ्यावरच्या या जर्मन बंदुका त्याच्या आगेमागे घडलेल्या, म्हणजे साधारण साठ ते ऐंशीच्या दशकातल्या.

माझं मत सरळ सांगतो. अशी बंदूक जुनी झाली तरी तिची अचूकता सहसा जुनी होत नाही. तिच्यावर इतके स्क्रू दिलेत ते बंदूक सुधारायला नव्हे, ती तुमच्या अंगाला बसवायला. आणि दहातले नऊ जण जो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा तोच पहिल्यांदा फिरवतात.

जत्रेतली बंदूक उडी का मारते?

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत फुगे फोडले असतील तर स्प्रिंगची एअरगन तुम्ही हाताळलीच आहे. आत जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढे पिस्टन. नळी मोडली की स्प्रिंग दबते. चाप ओढला की पिस्टन सुसाट पुढे जातो, समोरची हवा दाबली जाते आणि ती छर्‍याला ढकलते. छर्रा म्हणजे शूटरांच्या भाषेत पेलेट.

गोम अशी की पिस्टन जड असतो. तो पुढे सुटला की बंदूक मागे सरकते, आणि दाबलेल्या हवेवर आपटून थांबला की बंदूक पुढे हिसका खाते. हे दोन्ही धक्के छर्रा नळीत असतानाच, शतांश सेकंदाच्या आसपास होऊन जातात. म्हणजे छर्रा नळीच्या तोंडाशी पोचेस्तोवर नळीनं जागा सोडलेली असते. सरावलेला माणूस दर वेळी सारखं धरून यातूनही निभावतो. आपल्यासारख्यांच्या हातून फुगेच फुटायचे, आणि फुगेवाल्यानं माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) वाकवून ठेवली असेल तर तेही नाहीत.

मग जर्मनांनी धक्का घालवला कुठे?

स्प्रिंग ठेवून तो मुळातून घालवता येत नाही. कुणी तो खोडला, कुणी वळवला, कुणी स्प्रिंगच काढली, प्रत्येक कारखान्यानं आपापल्या डोक्यानं.

डायनाच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, बंदुकांत कुर्ट गिस या माणसाची युक्ती आहे. एकाऐवजी दोन पिस्टन, दात्यांनी एकमेकांना जोडलेले. एक पुढे धावतो तेव्हा दुसरा तेवढ्याच जोरानं मागे जातो आणि दोघांचे धक्के एकमेकांना खातात. अन्शुत्झ २५० मध्ये धक्का पचवायला तेलाचा दमनक आहे. वाल्थर एलजीआरनं स्प्रिंगच काढून टाकली. दांडा एकदा ओढायचा, हवा आधीच दाबून तयार राहते, चाप ओढल्यावर नुसती झडप उघडते.

फाइनवर्कबाऊ ३०० एस ची रीत मला सगळ्यात देखणी वाटते. तिच्यात नळी, सिलिंडर, साईट (नेमाची चकती आणि माशी) असा सगळा लोखंडी भाग दस्त्यात रुळांवर बसवलाय. चाप ओढताना त्याची अडणी, म्हणजे अडकवून धरणारा खटका, सुटते आणि तो काही मिलिमीटर मागे घसरतो. दस्ता मात्र जागचा हलत नाही. गाल दस्त्यावर, खांदा दस्त्याला, त्यामुळे अंगाला जवळजवळ काहीच जाणवत नाही. पहिल्यांदा झाडणारा माणूस हमखास चमकतो, कारण मागची चकती डोळ्याकडे सरकलेली दिसते आणि गालाला काहीच लागलेलं नसतं. म्हणूनच चकतीला पापणी टेकवायची नाही, दोन-तीन बोटांचं अंतर ठेवायचं.

'दहा' म्हणजे नेमकं किती?

१० मीटरच्या कार्डावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं असतं. त्यातला दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. ऐकून धडकी भरते, पण छर्‍याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे त्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत चुकलं तरी चालतं. स्पर्धेत दशांश गुण देतात, जास्तीत जास्त १०.९, आणि दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी.

आता हेच उलट्या बाजूनं बघा. मागची चकती आणि पुढची माशी यांत साधारण ८० सेंटीमीटर अंतर असतं. तिथे ०.२ मिलिमीटरचा फरक पडला की १० मीटरवर अडीच मिलिमीटर होतात आणि दहाचा नऊ होतो. ०.२ मिलिमीटर म्हणजे जाड कागदाएवढं. चांगल्या अवस्थेतली जुनी मॅच रायफल शिकंजात बांधून झाडली तर पाच छर्‍यांचं एकच भोक पाडते. मग हे ०.२ मिलिमीटर कोण हलवतं? बंदूक नाही.

तेलाची बाटली खाली ठेवा

बंदूक माळ्यावरून काढली की आपला हात आधी शिलाई मशीनच्या तेलाकडे जातो. बाहेरच्या लोखंडाला फडक्यानं चोळा, खुशाल. सांगलीची दमट हवा आणि साताऱ्याकडचा पाऊस दोन्ही लोखंडाला वाईट. पण छर्रा भरायच्या खाचेतून आत तेल सोडू नका. पिस्टननं हवा दाबली की ती भयंकर तापते आणि डिझेल इंजिनात होतं तसं ते तेल पेटतं. मोठा आवाज, धूर, जळका वास. लोक खुश होतात, बंदुकीत जोर आला म्हणून. आतलं सील आणि स्प्रिंग मात्र खलास होत असतात, आणि छर्‍याचा वेग दर वेळी वेगळा पडतो.

तेलाऐवजी आधी तपासणी करा. दस्त्याचे स्क्रू पहिले. ते सैल असले की नेम भटकतोच, आणि हे कारण इतकं साधं आहे की कुणाच्या लक्षात येत नाही. खाचेत पूर्ण बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. अरुंद पातं घालून रेटलं की खाच कायमची खराब होते.

मग नळीचं तोंड खाली करून पांढऱ्या फडक्यावर बंदूक हलकेच आपटा. पिवळट-तपकिरी, बोटानं चुरडणारे कण पडले तर थांबा. त्या काळच्या काही बंदुकांत, डायनाच्या मॅच मॉडेलांत तर हमखास, पिस्टनचं सील ज्या कृत्रिम पदार्थाचं होतं तो नुसता पडून राहिला तरी वर्षानुवर्षांत भुसा होतो. तशी बंदूक झाडली तर पिस्टन थेट लोखंडावर आपटतो. सील नवं मिळतं, पण बसवायला बंदूक उघडावी लागते आणि आतली स्प्रिंग दाबाखाली असते. गिसची दोन पिस्टनांची बंदूक तर घरी उघडूच नका, दाते एका खाचेनं चुकले तरी सगळी मेहनत वाया. जाणत्या आर्मररकडेच, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडेच, द्या.

आणि एक सक्त सवय. बाजूच्या दांड्याच्या बंदुकीत छर्रा भरताना बोटं ज्या खाचेत जातात ती सिलिंडर पुढे येऊन बंद होते. बोटं आत असेपर्यंत दुसऱ्या हातानं दांडा घट्ट धरलेलाच हवा. अडणी झिजलेली असेल आणि दांडा निसटला तर बोटाचं टोक जातं. छर्रा न भरता नुसता चापही ओढू नका. समोर हवेची उशी नसली की पिस्टन बेदम आपटतो.

बंदूक अंगाला बसवणं

खरं काम इथे आहे, आणि हेच सगळे टाळतात.

तासगावचा एक पोरगा अशीच बंदूक घेऊन आला होता. "दादा, साईट बिघडलीय. सगळं डावीकडं खाली जातंय."

"साईटला हात लावू नको. आधी उभा राहा बघू."

उभा राहिला आणि सगळं कळलं. दस्त्याच्या टोकाची पाटी खांद्याच्या खोबणीत नव्हती, वर हवेत अर्धी बाहेर. त्यामुळे चकतीतून बघायला मान पुढे काढून खाली वाकवलेली, गाल लाकडावर चेपलेला, डोळे भुवईखालून वर बघतायत. डावा हात बंदुकीचा सगळा भार दंडाच्या स्नायूंवर तोलून धरलेला. दोन मिनिटांत हात थरथरायला लागला.

त्या पाटीचा स्क्रू सैल करून ती बोटभर खाली सरकवली. पाटी खाली गेली की बंदूक वर येते, डोळ्याकडे येते. मान सरळ झाली. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, कंबर जरा पुढे, पाठ किंचित मागे. आता वजन हाडांवर उतरलं आणि स्नायूंची सुटका झाली. छर्रे मधोमध आले असं नाही, पण एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके एकत्र पडायला लागले. साईट बिघडलेली नव्हती. तिला बोट लावायची वेळ आत्ता कुठे आली होती.

उंची झाली की लांबी. दस्ता लांब असेल तर डोकं मागे राहतं, आखूड असेल तर नाक अंगठ्याला लागतं. मग गाल. चांगल्या बसलेल्या बंदुकीवर डोळे मिटून गाल टेकवावा आणि डोळे उघडल्यावर चकतीचं भोक समोरच असावं. ते शोधायला लागलं तर गालाची उंची चुकलेली आहे. काही मॉडेलांत गालाचा तुकडा वरखाली होतो. होत नसेल तर चामड्याचा पातळ थर चिकटवून भागतं. लाकूड तासायच्या भानगडीत पडू नका. गेलेलं लाकूड परत येत नाही आणि बंदुकीची किंमतही जाते.

शेवटी पाय. नेम धरा, डोळे मिटा, दोनदा श्वास घ्या, सोडा, डोळे उघडा. माशी लक्ष्याच्या डावीकडे गेलेली दिसली तर हातानं ओढून आणू नका, पाय सरकवून अख्खं अंग वळवा. हातानं ओढलेली बंदूक चाप सुटताच आपल्या मूळ जागी पळते. त्या पोराचं 'डावीकडं' बहुतेक इथूनच आलं होतं.

या सगळ्याला ठरलेलं माप नाही. मिरजेच्या सतारमेकरांना तानपुऱ्याची जवारी लावताना बघा. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत केसभर. एका तारेचा दोरा नीट लागल्याशिवाय दुसरीला हात नाही. इथेही एका वेळी एकच स्क्रू, मग पाच-दहा छर्रे, मग पुढचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारलं कशानं आणि बिघडलं कशानं, पत्ता लागत नाही. जुनी जागा पेन्सिलनं खूण करून ठेवा.

ट्रिगर: हलका म्हणजे चांगला?

मॅच ट्रिगर, म्हणजे चाप, दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा मोकळा, बोट सहज आत येतं. मग एक भिंत लागते. त्या भिंतीवर अगदी थोडा जोर दिला की बंदूक सुटते. हा जोर शंभर ग्रॅमच्या आसपासही आणता येतो, आणि एअर रायफलच्या ट्रिगरला स्पर्धेच्या नियमात किमान वजनाची अट नाही.

म्हणून लोक तो हलका करत सुटतात. मला हे पटत नाही. नवख्यानं आधी भिंत स्पष्ट जाणवेल इतका कडक ठेवावा, नाहीतर मनात नसताना छर्रा सुटतो आणि बोटाला ट्रिगरची भीती बसते. एकदा ती बसली की महिनोन्‌महिने जात नाही. ट्रिगरचे स्क्रू पाव-पाव फेऱ्यानंच फिरवा. प्रत्येक बदलानंतर छर्रा भरून, नळी लक्ष्याकडेच ठेवून, दस्त्याच्या टोकाला तळहातानं थापटा. तेवढ्यानं सुटली तर अडणी पुरेशी धरत नाही. स्क्रू लगेच मागे घ्या.

आता साईट

आत्ताशी साईटची पाळी. मागच्या चकतीचं भोक बारीक असतं ते दोन कारणांनी. बारीक भोकातून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि डोळा आपोआप भोकाचा मध्य शोधतो. त्याची काळजी तुम्ही करायची नाही. नजर ठेवायची पुढच्या माशीवर. या बंदुकांत माशी म्हणजे नळकांड्यात बसवलेली बदलती कडी असते. कडीच्या मधोमध काळं वर्तुळ, आणि दोघांच्या मधे पांढरी रेघ. ही पांढरी रेघ चांगली रुंद राहील अशी कडी निवडा. घट्ट कडीत वर्तुळ जरा हललं तरी शिवल्यासारखं दिसतं, माणूस ते स्थिर व्हायची वाट बघत बसतो आणि तोवर दम संपतो.

चकतीच्या फिरक्यांवर जर्मन अक्षरं असतात. 'एच' म्हणजे होख, वर. 'टी' म्हणजे टीफ, खाली. काही साईटवर त्यांचा अर्थ 'छर्रा वर लागत असेल तर इकडे फिरवा' असा असतो, आपण समजतो त्याच्या बरोबर उलटा. वाद घालत बसू नका. पाच छर्रे मारा, पाच-सहा टकटक फिरवा, परत पाच मारा, कुठे सरकले ते बघा आणि चिठ्ठीवर लिहून दस्त्याला चिकटवा. जुन्या फिरकीत थोडी ढिलाई असते, म्हणून शेवटची टकटक नेहमी एकाच दिशेनं द्या. एका छर्‍यावरून साईट कधीच हलवू नका. तो छर्रा तुमचा असतो, साईटचा नसतो.

छर्रे चपट्या डोक्याचे घ्या, अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचे. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात. दोन-तीन डब्यांतले मारून बघा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि महागडा डबाच तिला आवडेल असं नाही. मागचा घेर चेपलेले छर्रे वेगळे काढा.

"पण हिच्यात ताकदच नाही!"

ही तक्रार ठरलेली. साधी एअरगन पत्र्याचा डबा फोडते आणि ही महागडी जर्मन बाई कागद टोचते. खरं आहे. जर्मनीत बिनपरवाना एअरगनच्या जोराची (ऊर्जेची) मर्यादा साडेसात ज्यूल आहे, आणि या बंदुका त्याच घरात, छर्‍याचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. १० मीटरला तेवढा पुरून उरतो. वेग किती यापेक्षा तो दर वेळी सारखा आहे का, हे महत्त्वाचं. १७० च्या वेगानं जाणारा छर्रा १० मीटर जाईपर्यंत जवळजवळ १७ मिलिमीटर खाली येतो, १६० चा १९ च्या थोडा वर. वेगातल्या सेकंदाला दहा मीटरच्या फरकानं दोन मिलिमीटर, म्हणजे एक अख्खा गुण जायची वेळ.

"दुर्बीण लावली तर?"

१० मीटरच्या स्पर्धेत चालत नाही. शिवाय बऱ्याच दुर्बिणी लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेम सरकतो.

"स्पर्धेत चालेल का?"

४.५ मिलिमीटरची आणि वजन-मापाच्या नियमांत बसणारी असेल तर चालते. पण ६० छर्रे ७५ मिनिटांत मारायचे, आणि प्रत्येकासाठी दांडा ओढताना जमवलेला पवित्रा मोडतो. आजच्या बंदुकांत २०० बार दाबाची हवा नळकांड्यात भरून आणतात, नुसता छर्रा सरकवायचा. नेमबाज नव्या बंदुकीकडे गेले ते मुख्यतः या सोयीसाठी. पोरगं जिल्ह्याच्या पुढे जायला लागलं की नवी बघावीच लागते. तोवर ही भरपूर शिकवते.

"परवाना?"

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. बाहेरच्या देशातून मागवणं ही वेगळी गोष्ट, आयातीवर निर्बंध आहेत. आणि पाखरं मारायला ही नाही. त्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

मजा कुठे आहे

एका छर्‍यामागे निदान मिनिटभर जातं. दांडा ओढा, छर्रा ठेवा, खाच बंद करा, उभे राहा, श्वास सोडा. घाई करताच येत नाही. चाप सुटायच्या क्षणी कडी कुठे होती ते आठवून छर्रा कुठे लागला असेल ते आधी मोठ्यानं सांगा, "दोन वाजता, नऊ," म्हणजे घड्याळातल्या दोनच्या दिशेला, नऊ गुण, आणि मग कार्ड बघा. धक्का नसल्यामुळे या बंदुकीत ते शेवटपर्यंत स्पष्ट दिसतं. अंदाज आणि कार्ड जुळायला लागले की तुम्ही शिकताय. स्वस्त, उड्या मारणाऱ्या बंदुकीवर हा खेळ खेळताच येत नाही.

घरी १० मीटर मिळणं अवघड नाही. गच्ची, लांब पडवी, शेतातली शेड. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. जागा कमी असेल तर ५ मीटरवर कार्ड निम्म्या आकाराचं छापून घ्या. मागे पक्की भिंत हवी आणि बाजूनं कुणी येईल असं दार नको. कार्डामागे जाड पत्र्याची पेटी, तिचा मागचा पत्रा तिरका, म्हणजे छर्रा उलटून न येता खाली पडतो. पेटीत साठतं ते शिसं असतं. ते मुलांना झाडायला लावू नका, आणि चहाच्या कपाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवा.